ग्रीक भांड्यावरचा हा कोण? देव, वीर आणि राक्षस ओळखण्याची रीत

ग्रीक पुराणकथा शिकायला निघालेला माणूस बहुधा आधी वंशावळ उघडतो. गाया, युरेनस, क्रोनस, रिया, मग झ्यूस, त्याची भावंडं, त्याची लग्नाची आणि बिनलग्नाची मुलं. दोन पानांत पन्नास नावं होतात आणि पुस्तक मिटतं. त्यापेक्षा चित्रांच्या वाटेनं जावं. इ.स.पू. ६०० ते ४०० या दोनशे वर्षांत अथेन्सच्या केरामेइकोस या कुंभारवाड्यातून देवादिकांची चित्रं असलेली हजारो भांडी बाहेर पडली. त्यांतली बरीचशी इटलीत एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत सापडली, आणि आज मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर त्यांची उत्तम छायाचित्रं फुकट पाहता येतात. माणूस चित्रात ओळखता आला की त्याचं नाव वेगळं पाठ करावं लागत नाही.

हातातली आयुधं पाहून देव ओळखायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. ती इथे कामी येते, पण दोन ठिकाणी दगा देते. आपल्याकडे मूर्तिशास्त्राचे ग्रंथ आहेत. शंख, चक्र, गदा, पद्म यांची हातांतली जागा बदलली की विष्णूच्या मूर्तीचं नाव केशवाचं माधव होतं. ग्रीक चित्रकाराच्या डोक्यावर असं शास्त्र नव्हतं. एकच देव तो एका भांड्यावर दाढीवाला काढी, दुसऱ्यावर सफाचट. दुसरं म्हणजे, ग्रीक देवाजवळचा प्राणी सहसा वाहन नसतो. गरुड झ्यूसजवळ दिसतो, पण झ्यूस त्याच्यावर बसून फिरत नाही. म्हणून पूर्ण लेखाचा नियम एकच: एका खुणेवर नाव ठेवायचं नाही. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दोन खुणा जुळल्या तरच नाव घ्यायचं.

पायरी १: आधी भांडं पाहा

चित्राआधी तंत्र ओळखा. लालसर मातीवर काळ्या आकृत्या आणि अंगावरचे तपशील टोकदार हत्यारानं कोरलेले असतील, तर ते काळ्या आकृतीचं भांडं. अथेन्समध्ये साधारण इ.स.पू. ६२० ते ४८० हा त्याचा बहराचा काळ. पार्श्वभूमी काळी, आकृत्या मातीच्या रंगाच्या आणि तपशील कुंचल्यानं काढलेले असतील, तर ते लाल आकृतीचं. हे तंत्र इ.स.पू. ५२५ च्या सुमारास आलं. काळ आधी ठरवायचा, कारण खुणांचा अर्थ काळानुसार बदलतो.

काळ्या आकृतीच्या भांड्यांवर स्त्रियांची कातडी पांढऱ्या रंगानं भरतात, पुरुषांची काळीच ठेवतात. ही फार सोयीची खूण आहे. अडचण अशी की तो पांढरा रंग वरून लावलेला असतो आणि शतकानुशतकांत उडून जातो. मग खाली उरलेली काळी अथीना ही युद्धदेवी नवख्याला सैनिक वाटते. चेहऱ्यावर आणि हातांवर फिकट, खरखरीत डाग दिसतात का ते मोठं करून पाहा. उलट, चिलखत घातलेली पांढऱ्या कातडीची आकृती दिसली म्हणजे ती अथीनाच असंही नाही. ती ॲमेझॉन, म्हणजे लढवय्या बायकांच्या जमातीतली, असू शकते. नक्षीदार तंग विजार, चंद्रकोरीसारखी ढाल, हातात धनुष्य किंवा कुऱ्हाड असेल तर ॲमेझॉन धरा.

भांड्याचा आकारही बोलतो. दारूत पाणी मिसळायचं मोठं तोंडाचं भांडं म्हणजे क्रेटर, पिण्याचा उथळ पेला म्हणजे कायलिक्स. दोन्हींवर दारूचा देव डायोनायसस आणि त्याची टोळी हमखास. लेकिथॉस ही तेलाची उभट कुपी. पांढऱ्या पार्श्वभूमीची असेल तर ती मृतासाठी, आणि तिच्यावर नावाडी कॅरॉन किंवा वाट दाखवणारा हर्मिस यांची शक्यता मोठी. पॅनअथेनाइक अँफोरा मात्र नवख्यांना हमखास चकवतो. अथेन्सच्या खेळांत विजेत्याला सुमारे ३८ लिटर ऑलिव्ह तेल भरून दिला जाणारा हा रांजण. त्यावर दोन खांबांमध्ये भाला उगारलेली अथीना असते, आणि ती काळ्या आकृतीतच, कारण लाल आकृतीची चलती झाल्यावरही बक्षिसाच्या रांजणांनी जुनं तंत्र सोडलं नाही. त्यामुळे तंत्रावरून काळ ठरवायला गेलात तर इथे शंभर वर्षांनी चुकाल.

पायरी २: दाढी

झ्यूस, पोसायडन आणि हेडीस हे तिघे भाऊ कायम दाढीवाले. अपोलो कायम बिनदाढीचा, लांब केसांचा. घोटाळा मधल्या लोकांचा होतो. डायोनायसस इ.स.पू. सहाव्या शतकात भरघोस दाढीचा प्रौढ आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो नाजूक तरुण होत जातो. हर्मिसचीही तीच गत. म्हणून इ.स.पू. ५३० च्या भांड्यावर दाढीवाला, उंच बुटांचा, टोपीवाला दिसला की "हर्मिस तरुण असतो" असं म्हणून त्याला बाद करू नका.

पायरी ३: हातात काय, डोक्यावर काय

झ्यूसचं वज्र भाल्यासारखं लांब नसतं. मधे मूठ आणि दोन्ही टोकांना कळीसारखे फुलोरे असतात. त्याच्याजवळ राजदंड आणि गरुड. पोसायडनच्या हातात त्रिशूळ, कधी मासा किंवा डॉल्फिन. आपल्या डोळ्यांना त्रिशूळ म्हणजे शंकर, पण इथला त्रिशूळ मासेमारीचा भाला आहे हे लक्षात ठेवलं की मासा कुठून आला ते कळतं. त्रिशूळ हरवला तर काय होतं याचं मोठं उदाहरण अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात उभं आहे. आर्टेमिसियन भूशिराजवळच्या समुद्रातून १९२६ ते १९२८ मध्ये वर काढलेला, इ.स.पू. ४६० च्या सुमाराचा, २०९ सेंटिमीटर उंचीचा ब्राँझचा देव. उजवा हात फेकण्याच्या पवित्र्यात मागे, पण हातातलं आयुध गायब. पोसायडन म्हणावं, तर त्या पकडीतला लांब त्रिशूळ समोरून पाहणाऱ्याला चेहऱ्यावर आडवा आला असता. आखूड वज्राला ती अडचण नाही. म्हणून बहुतेक अभ्यासक आज त्याला झ्यूस म्हणतात. असा विचार हात रिकामा असलेल्या प्रत्येक मूर्तीपुढे करायचा: इथे काय बसेल आणि काय बसणार नाही?

अथीना सर्वांत सोपी. शिरस्त्राण, भाला आणि खांद्यावर एजिस, म्हणजे सापांच्या झालरीचं, मधे गॉर्गन या राक्षसिणीचा चेहरा असलेलं आवरण. शिरस्त्राण हातात काढून घेतलेलं असलं तरी एजिसवरून ती ओळखू येते. हर्मिसच्या दंडाला दोन सापांसारखा वेटोळा असतो. एकच साप असलेली काठी वैद्यदेव अस्क्लेपियसची. दवाखान्यांच्या पाट्यांवर जगभर या दोन्हींची गल्लत झालेली आहे, तेव्हा पाट्यांवर भरवसा ठेवू नका. डायोनायससच्या डोक्यावर आयव्हीच्या पानांची माळ, हातात उंच कानांचा पेला किंवा द्राक्षवेल, मागे घोड्याच्या शेपटीचे सॅटर, म्हणजे त्याचे रानटी सोबती. लोहार देव हेफेस्टसजवळ हातोडा, चिमटा किंवा कुऱ्हाड, आणि बऱ्याचदा तो खेचरावर बसून मिरवणुकीनं ऑलिंपसला परत येताना दिसतो. दारू पाजून त्याला आणतोय तो डायोनायसस. वाहन नसतं म्हटलं, त्याला हा अपवाद.

धनुष्य एकट्यानं काहीच सांगत नाही. अपोलो, त्याची बहीण आर्टेमिस, हेराक्लीज, इरॉस आणि सिथियन तिरंदाज अशी रांग असते. धनुष्य अधिक लायर हे तंतुवाद्य किंवा लॉरेलची माळ म्हणजे अपोलो. धनुष्य अधिक हरीण आणि स्त्रीचा वेश म्हणजे आर्टेमिस. पंखांचंही तसंच. पंख असलेला तरुण लगेच इरॉस होत नाही. दोन पंखवाले सशस्त्र पुरुष एक मृतदेह उचलत असतील तर ते झोप आणि मृत्यू हे भाऊ, हिप्नॉस आणि थॅनाटॉस.

काही देव खुणांनी ओळखतच नाहीत. हेरा म्हणजे मुकुट आणि राजदंड घेतलेली कुठलीही खानदानी बाई. तिला झ्यूसशेजारच्या आसनावरूनच ओळखायचं. युद्धदेव ॲरीस पूर्ण चिलखतात असतो आणि साध्या शिपायाहून वेगळा दिसत नाही. डिमीटर आणि पर्सेफोनी या मायलेकी मशाल आणि गव्हाच्या ओंब्या घेऊन जोडीनं येतात, पण आई कोण आणि लेक कोण हे कित्येकदा शेजारच्या अक्षरांशिवाय सांगता येत नाही. अशा ठिकाणी "बहुधा" लिहून पुढे जावं.

पायरी ४: वीर

वीरांमध्ये नव्वद टक्के वेळा तुमच्यासमोर हेराक्लीजच असतो असं वाटेल, इतका तो अथेन्सच्या चित्रकारांचा लाडका. सिंहाचं कातडं टोपीसारखं डोक्यावर, सिंहाच्या जबड्यातून त्याचा चेहरा बाहेर, पंजांची गाठ छातीवर, हातात सोटा. पण हा वेश ठरून गेला तो इ.स.पू. सहाव्या शतकात. अथेन्सच्याच संग्रहालयातल्या इ.स.पू. ६२० च्या सुमाराच्या नेसॉसच्या अँफोऱ्यावर तो सिंहाच्या कातड्याविना, तलवार घेऊन सेंटॉरला, म्हणजे अर्ध्या घोड्याच्या माणसाला, मारतो आहे. शेजारी नाव लिहिलं नसतं तर वाद झाला असता.

त्याची बारा कामं हा सरावाचा उत्तम अभ्यासक्रम आहे. ऑलिंपियाच्या झ्यूस मंदिरावर (इ.स.पू. सुमारे ४७० ते ४५६) ती बारा शिल्पपट्टांत, सहा पुढे आणि सहा मागे अशी आहेत. भांड्यांवर मात्र प्रत्येक कामाची एक चोरखूण शोधायची. सिंहाशी तो नि:शस्त्र कुस्ती खेळतो, कारण त्या कातड्यात शस्त्र शिरत नाही. हत्यारं झाडाला टांगलेली दिसतात. अनेक डोक्यांचा साप हायड्रा याच्याजवळ मशाल किंवा विळा घेतलेला पुतण्या आयोलाउस आणि पायाशी खेकडा. रानडुक्कर खांद्यावर आणि जमिनीतल्या रांजणातून डोकं काढून घाबरलेला राजा युरिस्थियस. हरिणीच्या वेळी शेजारी आर्टेमिस. गेरिऑन म्हणजे कमरेला जोडलेले तीन सैनिक. पाताळाचा पहारेकरी कुत्रा सर्बेरस याच्याबद्दल नवखे हटकून अडखळतात. हेसिअड त्याला पन्नास डोकी देतो, पुढच्या लेखकांनी तीन ठेवली, पण अथेन्सच्या भांड्यांवर तो बहुधा दोन डोक्यांचा असतो. दोनच डोकी मोजलीत म्हणून गेरिऑनचा कुत्रा ऑर्थ्रॉस ठरवू नका. गुराखी आणि तीन धडांचा मालक जवळ असेल तर ऑर्थ्रॉस. साखळी, हर्मिस, दाराचा खांब असेल तर सर्बेरस.

बैलाशी झुंजणारे दोघे आहेत. कातडं, सोटा असेल तर हेराक्लीज आणि क्रीटचा बैल. बिनदाढीचा तरुण, तलवार असेल तर थीसियस आणि मॅरेथॉनचा बैल. शिंगं असलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा बैल तिसराच, नदीदेव अकेलूस. थीसियसचे रस्त्यावरचे पराक्रम वस्तूंवरून कळतात: वाकवलेलं पाइनचं झाड म्हणजे सिनिस, पाय धुण्याचं तस्त म्हणजे स्कायरॉन, पलंग आणि हातोडा म्हणजे प्रोक्रस्टीझ. ब्रिटिश म्युझियममधल्या कॉड्रॉस चित्रकाराच्या पेल्यावर (इ.स.पू. सुमारे ४४० ते ४३०) मधे बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर आणि भोवती हे सगळे एकाच वर्तुळात आहेत. सरावाला त्याहून चांगला पेला मिळणार नाही.

पर्सियसचे पंखांचे बूट आणि टोपी पाहून त्याला हर्मिस म्हणणं ही सर्वांत सामान्य चूक. हातात वाकडं पातं आणि खांद्यावर थैली आहे का पाहा. आणि मान पाहा: मारताना तो तोंड फिरवतो. लूव्रमध्ये बिओशियातला, इ.स.पू. ६७० च्या सुमाराचा एक रांजण आहे. त्यावर त्यानं मारलेल्या मेड्युसा या गॉर्गनला चक्क घोड्याचं धड आहे. ती मेड्युसा आहे हे कळतं ते केवळ मारणाऱ्याच्या फिरवलेल्या मानेमुळे आणि थैलीमुळे. ओडिसियस दाढीवाला, शंकूसारखी टोपी घातलेला. रुंद कडांची प्रवासी टोपी घालून स्फिंक्ससमोर विचारात बसलेला इडिपस.

पायरी ५: राक्षसाचे भाग मोजा

राक्षसांची नावं पाठ करण्यापेक्षा डोकं, धड, पाय, शेपूट असे भाग मोजावे. सिंहाचं धड, पंख आणि बाईचं डोकं म्हणजे स्फिंक्स. पक्ष्याचं पूर्ण शरीर आणि बाईचं डोकं म्हणजे सायरन. बाईचं पूर्ण शरीर आणि पंख म्हणजे हार्पी, अर्थात विजयदेवी नाइकी किंवा देवांची दूती आयरिस नसेल तर. सायरनला माशाची शेपूट शोधाल तर फसाल; ती फार नंतरच्या युरोपची कल्पना. ब्रिटिश म्युझियममध्ये ओडिसियस डोलकाठीला बांधलेला आणि वरून एक सायरन डोक्यावर कोसळते आहे असं भांडं (इ.स.पू. सुमारे ४८० ते ४७०) आहे, ते एकदा पाहिलं की गल्लत होत नाही.

पुढून सिंह, पाठीतून निघालेलं बकरीचं डोकं आणि सापाची शेपूट हा कायमेरा. त्याच्या वर पंखांचा घोडा असेल तर स्वार बेलेरोफॉन. माणसाच्या धडावर बैलाचं डोकं मिनोटॉर. सॅटरला अथेन्सच्या भांड्यांवर घोड्याचे कान आणि शेपूट असते. बकरीचे पाय पॅनचे. सेंटॉरांमध्ये शहाणा कायरॉन वेगळा काढायचा तर पुढचे पाय पाहा. बाकीच्यांचे घोड्याचे, त्याचे बहुधा माणसाचे, अंगावर कपडे आणि खांद्यावर शिकारीची काठी.

गॉर्गनचा चेहरा सरळ तुमच्याकडे पाहतो. भांड्यांवर बाकी सगळे बाजूनं काढलेले असताना ती एकटी समोरून, जीभ बाहेर, सुळे, सापांचे केस, गुडघा वाकवून धावणारी. मात्र इ.स.पू. सातव्या शतकात हे रूप ठरलेलं नव्हतं. एल्यूसिसच्या १.४२ मीटर उंच अँफोऱ्यावर गॉर्गनांची डोकी ब्राँझच्या कढईसारखी आहेत. त्याच भांड्याच्या गळ्यावर ओडिसियस आणि साथीदार एकाक्ष राक्षस पॉलिफेमसचा डोळा फोडत आहेत, आणि तो दारू प्यायला होता हे सांगायला चित्रकारानं त्याच्या हातात पेला ठेवला आहे. एका चित्रात आधीची आणि नंतरची घटना एकत्र दाखवायची ही पद्धत ओळखली नाही तर कथा उलटसुलट वाचली जाते.

पायरी ६: अक्षरं वाचा, पण सांभाळून

ग्रीक वर्णमालेची चोवीस अक्षरं आठवड्याभरात येतात. आकृत्यांच्या शेजारी बरेचदा नावं लिहिलेली असतात, तेव्हा हा आठवडा वाया जात नाही. तीन गोष्टी ध्यानात ठेवा. लेखन उजवीकडून डावीकडेही जातं, आकृतीच्या तोंडापासून सुरू होऊन ती पाहते त्या दिशेनं. जुन्या अथेन्सच्या लिपीत दीर्घ स्वरांची वेगळी अक्षरं नव्हती, म्हणून नावं पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळी दिसतात. आणि प्रत्येक नाव आकृतीचं नसतं. "कालॉस" हा शब्द असेल तर "अमुक तरुण देखणा आहे" एवढाच मजकूर असतो. लेआग्रॉसचं नाव अशा रीतीनं अनेक भांड्यांवर आहे आणि त्याचा चित्राशी संबंध नाही. "एग्राप्सेन" म्हणजे रंगवलं, "एपोइएसेन" म्हणजे घडवलं, ती सही. काही ठिकाणी अक्षरं निरर्थकच असतात, केवळ शोभेला. उच्चार जुळत नाही म्हणून डोकं फोडू नका.

पायरी ७: कथा पडताळा, पण जबरदस्ती करू नका

नाव ठरल्यावर कथा ग्रंथांत शोधायची. देवांच्या जन्मासाठी हेसिअडची "थिऑगनी", ट्रॉयसाठी होमर, आणि सलग संदर्भासाठी अपोलोडोरसच्या नावावरची "बिब्लिओथिका". पण चित्रकार ग्रंथ समोर ठेवून काढत नव्हते. व्हॅटिकनमधल्या डूरिसच्या पेल्यावर जेसन राक्षसी सापाच्या तोंडातून अर्धा बाहेर लोंबतो आहे, अथीना पाहते आहे, मागे झाडावर सोनेरी लोकर. शेजारी नाव स्पष्ट आहे, पण साप जेसनला गिळतो ही कथा आज उरलेल्या एकाही ग्रंथात नाही. तिथेच असलेल्या एक्सेकियसच्या अँफोऱ्यावर अकिलीज आणि एजॅक्स चिलखतात बसून पटावर खेळत आहेत. अकिलीजच्या तोंडाजवळ "चार" आणि एजॅक्सच्या तोंडाजवळ "तीन" असं दान लिहिलं आहे. हाही प्रसंग ग्रंथांत सापडत नाही. ग्रंथात नाही म्हणून ओळख चुकली असं मानायचं नाही.

मूर्तींबाबत एक जादा खबरदारी. संगमरवरी पुतळे बहुतेक रोमन काळातल्या प्रती असतात, आणि सापडल्यावर अठराव्या शतकातल्या कारागिरांनी त्यांना नवे हात, नवी डोकी बसवली. ब्रिटिश म्युझियममधल्या थाळीफेक्याचं डोकं असंच चुकीच्या दिशेला बसवलं गेलं. संग्रहालयाच्या नोंदीत कोणता भाग मूळ आणि कोणता जोडलेला हे दिलेलं असतं. जोडलेल्या हातातली वस्तू खूण म्हणून मोजू नका.

सराव कुठून सुरू करावा

पहिलं भांडं फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातलं फ्रांस्वा क्रेटर असावं. इ.स.पू. ५७० च्या सुमाराचं, ६६ सेंटिमीटर उंच, क्लेइटियसनं रंगवलेलं, एर्गोटिमॉसनं घडवलेलं. त्यावर सुमारे २७० आकृत्या आणि शंभराहून जास्त नावं आहेत, म्हणजे उत्तरपत्रिका भांड्यावरच. १९०० मध्ये संग्रहालयाच्याच एका पहारेकऱ्यानं ते फोडलं. ६३८ तुकडे जोडून ते पुन्हा उभं केलं आहे. नावं झाकून आधी मधला पट्टा घ्या, पेलियस आणि थेटिसच्या लग्नाची देवांची वरात. त्यात खांद्यावर अँफोरा घेतलेला एक देव गॉर्गनसारखाच सरळ तुमच्याकडे पाहतो. तो डायोनायसस, आणि समोरून चेहरा म्हणजे गॉर्गन या नियमाचा अपवाद. मग हेफेस्टसच्या परतीचा पट्टा, मग कॅलिडॉनची डुक्करशिकार. पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या वेळची रथांची शर्यत शेवटी ठेवा, कारण तिथे नावांवाचून काहीच हाती लागत नाही.

महाराष्ट्रात प्रत्यक्ष पाहायचं तर कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात जावं. शहरातल्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात मिळालेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती तिथली. रोमशी चाललेल्या सातवाहनकालीन व्यापारातून ती इथवर आली. तिच्यापुढे उभं राहून दाढी, उभं राहण्याची ढब आणि हातांची ठेवण यांवरून, पाटी न वाचता, पोसायडन आणि झ्यूस यांपैकी एकाची बाजू मांडून पाहा. त्यानंतर भारत-ग्रीक राजांची नाणी घ्या. बौद्ध ग्रंथांतला मिलिंद म्हणजे राजा मिनँडर. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर मागच्या बाजूला वज्र फेकणारी आकृती आहे. वज्र पाहून झ्यूस म्हणाल, पण डोक्यावर शिरस्त्राण आहे आणि डाव्या हातावर एजिस. ती अथीना आहे.